पुणे, पण

रविवारची दुपारची झोप मोडून अण्णांनी हाक मारली तेव्हा मला वाटलं, प्रिंटर अडकला असेल.

"अगं, इकडे ये जरा. पुणे शोधलं की पणजी येतंय."

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७८. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आयुष्यभर स्टोअरकीपर होते. कुठल्या रॅकच्या कुठल्या खणात कितीचे बोल्ट किती उरलेत, हे खणाला लावलेलं नोंदीचं कार्ड न बघता सांगायचे. असा माणूस निवृत्त झाला म्हणून गप्प बसत नाही. नौपाड्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक छोटं वाचनालय आहे. ज्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, तिथे या दोन खोल्यांना कोण विचारतो म्हणा, पण साडेचार हजार पुस्तकं आहेत आणि ती सगळी अण्णांनी चार वर्षं रोज सकाळी बसून संगणकावर चढवलीत. त्यासाठी एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचं कोड कुणालाही बघता-बदलता येतं असा, प्रोग्रॅम मीच शोधून बसवून दिला होता. "फुकट आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. खरं सांगायचं तर मीही तेवढंच बघितलं होतं.

तर पुणे. शोधाच्या चौकटीत अण्णांनी 'पुणे' लिहिलं होतं आणि खाली दोनशेच्या वर पुस्तकं आली होती. त्यात पुण्याची होतीच. शिवाय पणजीचं एक प्रवासवर्णन, कुणाकुणाच्या बालपणाच्या आठवणी, पणत्या रंगवायचं पुस्तक, 'आपण' हा शब्द नावात असलेली झाडून सगळी, आणि बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'वरची एक पुस्तिका.

"सगळीकडे पण आहे," मी म्हटलं.

"तेच तर. पुणेकरांचं प्रत्येक वाक्य पणवर येतं हे मला माहीत आहे, पण यंत्राला कुणी सांगितलं?"

मी अठरा वर्षं टेस्टर आहे. ऐरोलीतल्या एका ऑफिसात बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे हसू आवरल्यावर पहिला विचार आला तो, आणखी काय काय मोडतंय? 'देव' लिहिलं, दव आलं. 'गुरू' लिहिलं, गर आला. अगदी आंब्याच्या गरापर्यंत सगळं. मूल, मैल, मेल आणि मल या चौघांत प्रोग्रॅमला काहीच फरक दिसत नव्हता. पण 'पाणी' मात्र बरोबर सापडत होतं. 'वाशी' सापडत होती. 'ठाणे' लिहिलं की 'ठाण' मांडून बसलेले सगळे येत होते.

सोमवारी सकाळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभी होते. डब्यातल्या पट्टीवर पुढच्या स्टेशनांची नावं सरकत होती, आणि तिथे मला ते दिसलं. ऐरोली, घणसोली, सानपाडा, वाशी यांना काही होत नव्हतं. रबाळे, कोपरखैरणे, तुर्भे यांचं वाटोळं होत होतं: रबाळ, कोपरखरण, तरभ. ज्या खुणा अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसतात, त्या उडत होत्या. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त. ज्या शेजारी स्वतःची जागा घेऊन उभ्या राहतात, म्हणजे काना, कान्यासकट येणारा ओकार आणि दोन्ही वेलांट्या, त्या वाचत होत्या.

नंतर कळलं की युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, या भेदाला रीतसर नाव आहे. प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो, आणि आपल्या उकार-मात्रांचा वर्ग आहे 'जागा न घेणारी खूण'. (लोकलमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या सीटच्या मधे अर्धा तास काढलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल ते सोडा.) या वर्गात आपल्या मात्रांच्या जोडीला फ्रेंच लोकांच्या अक्षरांवरच्या तिरक्या रेघा, जर्मन लोकांचे दोन टिंब, असं पुष्कळ काही बसतं. फ्रेंच माणूस 'कॅफे' शोधताना शेवटच्या अक्षरावरची रेघ द्यायचा कंटाळा करतो, म्हणून शोध लिहिणाऱ्यांनी एक तोडगा काढला: अक्षर आणि खूण वेगळी करायची, खुणा फेकून द्यायच्या, उरलेलं जुळवायचं. दोन ओळींत काम होतं. हा तोडगा इतक्या ठिकाणी उतरवून घेतला गेलाय की मूळ कुणाचं हे सांगताही येणार नाही. म्हणून मी या प्रोग्रॅमचं नाव इथे घेत नाही. तो एकटाच दोषी नव्हता.

कोड उघडं होतं. शोधायला वीस मिनिटं लागली. ती ओळ सापडली आणि वर टिप्पणी होती, तिचा अर्थ साधारण असा: अक्षरांवरची सजावट काढून टाका.

सजावट! पुण्याचा उकार आणि मात्रा, सजावट. मला राग आला, आणि रागाच्या भरात सुचलेली दुरुस्ती फार देखणी होती. त्या रेघा-टिंबांचा युनिकोडमध्ये एक स्वतंत्र गट आहे, ०३०० पासून ०३६एफ पर्यंत. फक्त तेवढ्याच काढायच्या, बाकी कुणाला हात लावायचा नाही. एका ओळीतला अर्धा भाग बदलायचा. बास.

पण ती ओळ बदलायच्या आधी तीन आठवडे गेले, आणि ते ऑफिसात गेले. नोकरीच्या करारात एक कलम असतं. सही करताना कुणी वाचत नाही. नोकरीत असताना तुम्ही लिहिलेलं कोड कंपनीचं. रविवारी दुपारी, स्वतःच्या घरी, सासऱ्यांसाठी लिहिलेलंसुद्धा? मॅनेजरला माहीत नव्हतं, त्याने एचआरला विचारलं, एचआरने लीगलला. एक फॉर्म आला. त्यात 'या योगदानाचा व्यवसायाला होणारा फायदा' असा रकाना होता. मी लिहिलं, 'नाही'. त्यावर परत आला, रकाना रिकामा ठेवू नये. रिकामा नव्हता, पण असो. मग मी 'कर्मचाऱ्याच्या कौशल्यात वाढ' लिहिलं आणि परवानगी मिळाली.

हे उगाच सांगत नाहीये. बदल पाठवताना खाली एक ओळ लिहावी लागते, 'साइन्ड-ऑफ-बाय', पुढे आपलं नाव. लिनक्सवाल्यांनी ही पद्धत २००४ मध्ये सुरू केली, कोडच्या मालकीवरून कोर्टकचेऱ्या चालू असताना, आणि तिथून ती अनेक प्रकल्पांत गेली. अर्थ असा की हे माझं आहे आणि द्यायचा मला हक्क आहे. ती ओळ लिहिताना माझा हात थांबला होता, एवढं खरं. अठरा वर्षांत हजारो बग नोंदवले, पण कशाखाली नाव घालून 'हे मी केलंय' असं म्हणायची वेळ आली नव्हती. टेस्टरची सही दुसऱ्याच्या चुकीखाली असते.

पाठवलं. पुल रिक्वेस्ट उघडली, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी रीतसर विनंती. दोन मिनिटांत आपोआप चालणाऱ्या सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या आणि मी झोपले.

मग अकरा दिवस काही नाही.

अकरा दिवसांत मी काय काय कल्पना केल्या ते लिहीत नाही. मेंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम सांभाळणारा, एकच आहे, युरोपात राहतो, दिवसा दुसरी नोकरी करतो, हे मला माहीत होतं. तरी ऑफिसात डेव्हलपरने दोन दिवस बग बघितला नाही तर त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहणारी मी. इथे टेबलच नाही. शिवाय अनोळखी माणसाचा बदल घ्यायचा म्हणजे काय, हे त्याच्या बाजूने पाहिल्यावर जरा वरमले. २०२० च्या ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळतो म्हणून लोकांनी जगभरच्या प्रकल्पांत एकेक शब्द इकडचा तिकडे करून ढीग लावला होता. शेवटी आयोजकांना नियम बदलावे लागले. आणि २०२४ च्या मार्चमधलं ते एक्सझेडचं प्रकरण. फायली दाबून लहान करायचं एक साधं साधन. सांभाळणारा थकलेला एकच माणूस, आणि दोन वर्षांहून अधिक काळ गोडीगुलाबीने मदत करत आलेला एक मदतनीस, ज्याने शेवटी त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला लॉग-इन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. अर्ध्या सेकंदावरून संशय घेणारा हा माणूस पेशाने टेस्टर नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. पण तेव्हापासून न मागता दाराशी मदत घेऊन आलेल्याकडे लोक दोनदा बघतात, आणि बघणारच.

बाराव्या दिवशी रात्री उत्तर आलं. सौम्य, दोन वाक्यांचं. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि टेस्ट जोडता येतील का?

मी टेस्ट लिहिल्या नव्हत्या. मी! ज्या बाईने ऑफिसात 'टेस्ट कुठे आहे' विचारून विचारून चांगल्या चांगल्या मुलांना रडकुंडीला आणलं, तिने स्वतःचं अर्ध्या ओळीचं कोड तसंच पाठवलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की चहा सांडला.

टेस्टसाठी शब्द कुठले घ्यायचे हा प्रश्नच नव्हता. ठाणे, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. याहून चांगला नमुना मला मुद्दाम बसूनही रचता आला नसता: निम्मी मोडणारी, निम्मी टिकणारी, आणि तुर्भ्यात तर उकार, रफार, मात्रा तिन्ही एकाच शब्दात. खाली पुणे आणि पण. पाठवून दिलं.

यावेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, पण मेंटेनरचं नव्हतं. हिब्रूत काम करणाऱ्या कुणीतरी लिहिलं होतं: हा बदल घेतला तर आमचा शोध मोडेल.

मी तीनदा वाचलं. हिब्रूत स्वरांच्या खुणा अक्षरांखाली-वर टिंबांनी दाखवतात, आणि रोजच्या लिहिण्यात त्या देतच नाहीत. मुलांच्या पुस्तकांत, कवितेत, प्रार्थनेत देतात. म्हणजे यादीत पुस्तकाचं नाव टिंबांसकट असणार आणि शोधणारा टिंबांशिवाय लिहिणार. त्यांना खुणा उडायलाच हव्यात. अरबीचंही तसंच. मी म्हणत होते, फक्त युरोपच्या रेघा उडवा, बाकी सगळ्यांच्या खुणा पवित्र. त्यांच्याकडे ज्याला खरोखर सजावट म्हणता येईल, ती मी आपल्या काना-मात्रांच्या मापाने मोजली होती. त्या मूळ ओळीच्या लेखकाने नेमकं हेच केलं होतं. फक्त माप त्याचं होतं.

त्यानंतरचे दोन महिने हा या गोष्टीतला सगळ्यात चांगला भाग होता, आणि सांगायला सगळ्यात कठीण, कारण घडलं काहीच नाही. रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरला की मी लॅपटॉप उघडायची. थाई बोलणारं कुणीतरी आलं. त्यांचेही काही स्वर अक्षराच्या वर-खाली बसतात, त्यांचाही शोध इतकी वर्षं मोडलेला होता आणि त्यांना वाटत होतं की प्रोग्रॅमच तसा आहे. रशियनवाल्याने सांगितलं की त्यांच्या एका अक्षरावरची दोन टिंबं लोक बहुतेक वेळा देतच नाहीत, ती उडालेली चालतील. दुसऱ्या एका अक्षरावरची चंद्रकोर उडाली तर अक्षरच बदलतं. शेवटी एकच नियम सोडून लिपीगणिक तक्ता करायचं ठरलं: या लिपीत हे काढा, त्या लिपीत काही काढू नका.

देवनागरीच्या रकान्यात मी 'काही नाही' लिहिलं. तेवढ्यात एक हिंदी भाषक आला. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, काढा, म्हणाला. लोक 'ज़रा'चा नुक्ता देतात, न देतात. शोधताना दोन्ही एकच हवेत. बरोबर होतं त्याचं. पण युनिकोडच्या लेखी आपला 'ऱ' म्हणजे र अधिक नुक्ता. सुटा करून नुक्ता फेकला की ऱ चा र होतो, आणि मग दऱ्या आणि दर्या एक. वऱ्हाड निघायचं ते कुठे निघेल देव जाणे, म्हणजे दव जाणे. युनिकोडच्या तक्त्यात ऱ पुढे शेरा आहे की हे अक्षर द्राविडी भाषांतला र दाखवायला, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे 'पापणीचा र'. पापणी! लहानपणी आम्ही त्याला नुसता 'दऱ्यातला र' म्हणायचो. मी त्या हिंदीवाल्याला पाच ओळी लिहून समजावलं, सह्याद्रीच्या दऱ्या आणि कोकणातला दर्या दोन्ही घालून. त्याने एक अंगठा दिला आणि लिहिलं, 'मग र सोडून'. ठरलं. नुक्ता काढायचा, पण र खालचा सोडून.

अर्ध्या ओळीच्या चाळीस ओळी झाल्या आणि टेस्टच्या शंभरावर. मेंटेनरने मधे एकदा विचारलं, हे कोपर-काय शब्द कसले आहेत? मी लिहिलं, माझ्या गाडीची स्टेशनं. त्याने ती तशीच ठेवली. आता जगात कुठेही कुणी त्या शोधाच्या कोडला हात लावला की टेस्ट चालतात, आणि त्याला कोपरखैरण्याला थांबून पुढे जावं लागतं. बदल मर्ज झाल्याची, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतल्याची, जांभळी खूण दिसली त्यापेक्षा मला याचा आनंद जास्त झाला. मी ते ऑफिसात जाताना रबाळ्याच्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "रबाळे पण आहे ना?" आहे.

नवी आवृत्ती आली, मी वाचनालयातल्या संगणकावर चढवली. 'पुणे' शोधलं. पणजी गेली, पणत्या गेल्या. अण्णांनी मान डोलावली. "छान झालं," म्हणाले आणि कपाट आवरायला गेले. त्यांच्याकडून 'छान'ची पावती मिळणं म्हणजे स्टोअर्समध्ये ऑडिट बिनशेऱ्याचं होणं.

चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "जुनी पुस्तकं हरवलीत."

"चोरीला?"

"नाही. कपाटात आहेत. यंत्रातून गेलीत. गाव शोधलं तर निम्मी येत नाहीत."

पोळी हातात तशीच राहिली. माझ्या लक्षात आलं होतं.

अण्णांनी पुस्तकाचं नाव मुखपृष्ठामागच्या पानावर जसं छापलंय तसंच्या तसं उतरवलंय. यादी करायची खरी रीत तीच. आणि वाचनालयात १९६२ च्या आधीची बरीच पुस्तकं आहेत. त्या साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्या आधीचं 'गाव' म्हणजे 'गांव'. 'पाच' म्हणजे 'पांच'. जुनं मोडकं कोड सगळेच अनुस्वार झाडून टाकत होतं, त्यामुळे गाव लिहिलं की गांव आपसूक सापडायचा. इतकंच काय, पुणे शोधल्यावर 'पुण्यातील' सापडत होतं तेही त्या चुकीच्याच कृपेने. आता ते येत नाही, कारण सामान्यरूप ओळखायचं तर यंत्राला व्याकरण हवं. मी बरोबर केलं, आणि माझ्याच घरातल्या माणसाच्या याद्यांतून साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पुस्तकं पुसली.

"आम्ही शाळेत या अनुस्वारांसाठी छड्या खाल्ल्या," अण्णा म्हणाले. "पाठ होत आले होते, आणि मॅट्रिकच्या तोंडावर सरकार म्हणालं, नकोत. आता तू म्हणतेस, हवेत."

"मी नाही म्हणत, अण्णा."

"मग कोण?"

अनुस्वार सरसकट काढता येत नाही. रंगाचा रग होतो, वंशाचा वश होतो, पंतांची पत जाते. सरसकट ठेवताही येत नाही. कुठला उच्चारायचा आणि कुठला नुसता शोभेचा, हे अक्षर बघून यंत्राला कळायचा मार्ग नाही. शब्द माहीत असावा लागतो. म्हणजे सजावट आपल्यातही होती तर. 'अक्षरांवरची सजावट' या शब्दांवरून मी केवढी चिडले होते, ते आठवून जरा लाज वाटली.

त्या रात्री मी प्रकल्पावर नवीन इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडला. स्वतःच्याच बदलाविरुद्ध. मेंटेनरचं उत्तर लगेच आलं: शब्दांची यादी मिळाली तर घेता येईल, पण ती मला करता येणार नाही.

यादी म्हटल्यावर अण्णांना आवाज द्यावा लागला नाही. कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या मागे, स्टोअरच्या अक्षरात, आडव्या रेघा मारून तीन रकाने: जुनं, नवं, शेरा. कांटा. धांव. पांखरूं. काही शब्दांवर ते थांबतात, कपाटातून एखादं पिवळं पुस्तक काढून खात्री करतात. 'नांव'पुढे शेऱ्यात लिहिलंय, 'अनुस्वार काढल्यास होडी. सावध.' मी म्हटलं, हे शेरे कोडमध्ये घालता येणार नाहीत. म्हणाले, टिप्पणीत घाल, टिप्पणीला जागा असते म्हणतेस ना.

बदल दोघांचा असेल तर खाली सहलेखक म्हणून दुसरं नावही घालता येतं. ते मी त्यांना सांगितलं. ईमेल लागेल म्हटल्यावर पेन्शनसाठी काढलेला पत्ता त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिला, पासवर्डसकट. पासवर्ड खोडायला लावला.

यादी अकारविल्हे चालली आहे. काल रात्री भोंवऱ्यापर्यंत आली होती.